नाव झाकून व्हॉल्व्ह बघावा

रेडिओ-अँम्प्लिफायरचे काचेचे जुने व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब, विकणारा माणूस खोक्यातून एखादा नग काढतो, बोटांत फिरवतो आणि छापलेलं नाव बरोबर गिऱ्हाइकासमोर आणून थांबतो. लॅमिंग्टन रोडची गल्ली असो, चोर बाजार असो, की रे रोडजवळच्या दारूखान्यातलं भंगाराचं दुकान असो, हाताची ही सवय सगळीकडे सारखीच. इंग्लिश ‘मुलार्ड’ म्हटलं की एक भाव, जर्मन ‘टेलिफुंकन’ म्हटलं की त्याच्या कितीतरी वर, आणि बंगळूरचा ‘बीईएल’ निघाला की नग परत खोक्यात. “वो छोडो साब, देसी है.” मी बरीच वर्षं या नादात आहे. अँम्प्लिफायरमध्ये, रेडिओत व्हॉल्व्ह लावतो, काढतो, मोजतो. आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय, की त्या क्षणी अंगठा नावावर ठेवावा आणि उरलेला व्हॉल्व्ह नीट बघावा. नाव काचेच्या बाहेर छापलेलं असतं. आपण ज्याचे पैसे मोजतो ते सगळं आत असतं.

आत असतं काय? मधोमध निकेलची एक बारीक नळी, कॅथोड. तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा पांढरा लेप, आणि पोटात फिलामेंट. फिलामेंटनं तापून लेप ७५०-८०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, मंद नारिंगी झाला, की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि निर्वात पोकळीतून प्लेटकडे धावतात. वाटेत तारेची जाळी असते, ती ग्रिड. ग्रिडवर गाण्याचा इवलासा सिग्नल दिला की धावणाऱ्या करंटवर त्याचीच मोठी आवृत्ती उमटते. जॉन अँब्रोज फ्लेमिंगनं १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला, पुढच्या दोन-तीन वर्षांत ली डी फॉरेस्टनं त्यात ग्रिड घातली, आणि तिथून रेडिओ, बोलपट, लाउडस्पीकर, रेकॉर्डिंग हे सगळं सुरू झालं.

यातली कळीची गोष्ट म्हणजे तो लेप संपत जातो. व्हॉल्व्ह चालू असताना तासागणिक थोडा थोडा खर्च होतो. त्यामुळे जुना व्हॉल्व्ह विकत घेणं म्हणजे उरलेला लेप विकत घेणं. साठ वर्षांपूर्वी बनून खोक्यातच राहिलेला नग आणि वीस वर्षं एखाद्या इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओत रोज सकाळ-संध्याकाळ चाललेला नग शेजारी शेजारी ठेवले तर वरून दोघांत फरक दिसेलच असं नाही. नाव दोघांवर तेच असतं. बाजारात ‘एनओएस’ म्हणतात, म्हणजे तेव्हाचा माल, पण न वापरलेला. हा शब्द आता इतका सैल वापरला जातो की पुसून चकचकीत केलेल्या कुठल्याही व्हॉल्व्हला तो चिकटतो.

मुंबईत एवढे व्हॉल्व्ह आले कुठून, याचं उत्तर या शहराच्या कामधंद्यातच आहे. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र मुंबईत सुरू झालं. १९३१ मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट लागला, आणि त्यानंतर प्रत्येक थिएटरला पडद्यामागच्या स्पीकरसाठी व्हॉल्व्हचा अँम्प्लिफायर लागायला लागला. गांधीजींच्या, नेहरूंच्या सभांचे जुने फोटो बघा. माइकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. नावात शिकागो असलं तरी ती मोटवाने मंडळींची इथली कंपनी. नॅशनल एकोचे रेडिओ मुंबईत बनायचे, मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. शिवाय गोदी. दारूखान्यात जहाजं तोडली जायची तेव्हा त्यांच्या रेडिओ खोल्यांतला माल बाहेर यायचा. त्यात लष्करी दर्जाचे, ‘सीव्ही’ नंबरचे ब्रिटिश व्हॉल्व्ह असत. आणि गणपतीच्या मंडपात ट्रान्झिस्टर यायच्या आधी जे अँम्प्लिफायर तापत बसायचे, तेही व्हॉल्व्हचेच.

या सगळ्यात बीईएल येतं. भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ ची, बंगळूरची. १९६१ पासून तिथं रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले. परकीय चलनाची चणचण, आयातीवर बंधनं, अशा त्या काळात देशभरातल्या घरांमधले रेडिओ या व्हॉल्व्हनी चालू ठेवले. त्यांच्याकडे मी नंतर येणारच आहे.

आधी नंबरांचं बघू, कारण नंबर नीट वाचता आला तर निम्मी फसवणूक टळते. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंट सांगतं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपची सिरीज, म्हणजे सगळी फिलामेंट एकापाठोपाठ जोडायची, टीव्हीसाठी. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपची सिरीज, मेन्सवर थेट चालणाऱ्या एसी-डीसी रेडिओंसाठी. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. ‘सी’ ट्रायोड म्हणजे तीन इलेक्ट्रोडचा, ‘एल’ आउटपुट पेंटोड म्हणजे स्पीकर चालवणारा पाच इलेक्ट्रोडचा, ‘एफ’ लहान सिग्नलचा पेंटोड, ‘झेड’ फुल वेव्ह रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारा, ‘एम’ मॅजिक आय म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा चमकता डोळा. आकड्यात पहिला ८ असेल तर खाली नऊ पिनांचा नोव्हल बेस, ३ असेल तर आठ पिनांचा ऑक्टल. म्हणजे ईसीसी ८३ हा ६.३ व्होल्टवर चालणारा, एका काचेत दोन ट्रायोड असलेला, नऊ पिनांचा व्हॉल्व्ह. अमेरिकन मंडळी त्यालाच १२एएक्स७ म्हणतात, कारण त्याचं फिलामेंट मधून दुभागलेलं असल्यामुळे १२.६ व्होल्टवरही चालतं. ईएल ८४ म्हणजे त्यांचा ६बीक्यू५. जीझेड ३४ म्हणजे ५एआर४. सोव्हिएत ६पी१४पी हा ईएल ८४ चाच भाऊ, आणि तो इथं जुन्या सरप्लस मालात अधूनमधून बऱ्या भावात मिळून जातो.

आता फसवणूक कुठं होते ते सांगतो. दुकानात पीएल ८४ दाखवून सांगतात, “एकच आहे, फक्त फिलामेंट वेगळं.” एकच नाही. पीएल ८४ चा ६.३ व्होल्टवाला सख्खा भाऊ ईएल ८६ आहे आणि तो कमी व्होल्टेजवर जास्त करंट देण्यासाठी बनवलेला आहे. ईएल ८४ च्या सर्किटमध्ये त्याला बसवलं तर त्याचे हाल होतात, शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरचेही. तसंच ईसीसी ८८. दोन ट्रायोड, नऊ पिना, उंचीही तेवढीच, म्हणून ईसीसी ८३ च्या जागी बसेल असं वाटतं. पण ईसीसी ८८ ची नववी पिन दोन ट्रायोडमधल्या पडद्याची असते, आणि ईसीसी ८३ ची नववी पिन फिलामेंटच्या मधल्या टोकाची. त्यात ईसीसी ८८ ची प्लेट १३० व्होल्टच्या वर न्यायची नसते. म्हणून दुकानदार “चलेगा” म्हणाला तरी डेटाशीट, म्हणजे कंपनीनं दिलेला त्या व्हॉल्व्हच्या आकड्यांचा कागद, उघडायची. आता ती फोनवर मिळते, तेव्हा आळस करायला कारण उरलेलं नाही.

मग व्हॉल्व्ह हातात घ्यायचा. समजा ‘मुलार्ड’ छापलेला ईसीसी ८३ आहे. ट्यूबलाइटखाली, भिंगातून, पिनांच्या जरा वर काचेवर बघायचं. तिथं करड्या रंगात, कधी नुसत्या काचेत कोरल्यासारखी, दोन ओळींची बारीक अक्षरं असतात. बोटानं घासली तर जातील इतकी नाजूक, म्हणून घासायचं नाही. काच तिरपी करून, तोंडाची वाफ मारून वाचायची. वरच्या ओळीत प्रकाराची खूण. ईसीसी ८३ असेल तर बहुधा ‘आय ६१’, ‘आय ६३’ असं काहीतरी. खालच्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना, आठवडा. ‘बी ५ सी २’ असं वाचलं तर ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न, ५ म्हणजे पाचनं संपणारं वर्ष, ‘सी’ म्हणजे तिसरा महिना, मार्च, आणि २ म्हणजे दुसरा आठवडा. १९५५ की १९६५ हे अक्षरं सांगत नाहीत, ते बांधणीवरून ठरवायचं. लांब प्लेट, म्हणजे साधारण १७ मिलिमीटरची, जुन्या काळाकडे बोट दाखवते, आखूड प्लेट नंतरच्या काळाकडे. कारखान्याच्या जागी त्रिकोण असेल तर माल हॉलंडमधल्या हेर्लेनचा, ‘आर’ असेल तर इंग्लंडमधल्याच मिचमचा. ब्लॅकबर्नच्या काचेच्या टोकाशी साच्याच्या उभ्या शिवणी दिसतात, एकमेकींना मिळणाऱ्या. बोटानं जाणवतातसुद्धा. टेलिफुंकनची खूण तर सगळ्यांना ठाऊक आहे. काचेच्या बुडाशी, पिनांच्या मधे, काचेतच उठवलेला छोटा शंकरपाळी चौकोन. तो नंतर छापता येत नाही, त्यामुळे तो नसेल तर अंगावर सोनेरी अक्षरात काहीही लिहिलेलं असो, माझ्यापुरता विषय संपला.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगण्याचं कारण असं, की व्हॉल्व्हच्या काळात कंपन्या एकमेकींचा माल सर्रास घ्यायच्या आणि आपलं नाव छापायच्या. त्यात लबाडी नव्हती. एखाद्या कंपनीच्या कारखान्यात एक प्रकार बनत नसला तर तो दुसरीकडून घ्यायचा, आपल्या खोक्यात घालायचा, आणि गिऱ्हाइकाला हमी द्यायची. म्हणून एखाद्या अमेरिकन नावाखाली ब्लॅकबर्नचा माल निघतो, आणि इंग्लिश नावाखाली हेर्लेनचा. खरी लबाडी आता होते. जुनी अक्षरं पुसून नवी छापली जातात. हातात घेतल्यावर लोगो जरा जास्तच पांढराशुभ्र वाटतो आणि बाकीची काच मात्र पन्नास वर्षांची. आणखी एक गोष्ट. ‘मुलार्ड’ हे नाव आज नव्या व्हॉल्व्हवरही कायदेशीरपणे छापलं जातं, आणि ते व्हॉल्व्ह रशियातल्या साराटोवमध्ये बनलेले असतात. ते वाईट नाहीत. पण चोर बाजारातल्या काकांनी ते “इंग्लंड का पुराना” म्हणून दिले तर नुकसान आपलं होतं.

गिरगावात एक मेकॅनिक काका होते. त्यांच्या टेबलाच्या खणात बीईएलपासून फिलिप्सपर्यंत सगळ्यांचे सुटे व्हॉल्व्ह एकत्र असायचे, नावानुसार वेगळे कधीच केलेले नसायचे. मी तरुण होतो तेव्हा ते मला म्हणायचे, “आधी गेटर बघ, मग नाव वाच. गेटर पांढरा झाला असेल तर नाव वाचायची गरजच नाही.” गेटर म्हणजे काचेच्या आत वरच्या बाजूला दिसणारा तो आरशासारखा चंदेरी डाग. तो बेरियमचा असतो, आतली उरलीसुरली हवा शोषून घ्यायला बसवलेला. कुठूनतरी हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो, आणि मग त्या व्हॉल्व्हचं काही करता येत नाही. गेटर तपकिरी, काळपट, कडेला इंद्रधनुष्यासारखा असेल तर घाबरायचं कारण नसतं, पण कडा विरळ होत होत काच दिसायला लागली असेल तर व्हॉल्व्हनं बरेच तास काम केलंय असं समजायचं. मुंबईत त्याच्या जोडीला पिना बघाव्या लागतात. आपल्या हवेत त्या काळ्या, हिरवट होतात. हळूच पुसायच्या. ब्लेडनं खरवडायच्या नाहीत आणि वाकडी पिन पकडीनं जोर लावून सरळ करायची नाही, कारण पिन जिथून काचेत शिरते तिथंच काचेला बारीक भेग जाते आणि काही दिवसांनी तोच गेटर पांढरा होतो.

मल्टीमीटर खिशात असेल तर दुकानातल्या दुकानात आणखी दोन गोष्टी कळतात. ईसीसी ८३ च्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये फिलामेंट लागतं का बघायचं. १२.६ व्होल्ट आणि १५० मिलिअँप म्हणजे तापल्यावर त्याचा रेझिस्टन्स ८४ ओहम येतो. थंड असताना तो त्याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे कमी आकडा बघून शॉर्ट आहे असं वाटून घेऊ नये. आणि बाकीच्या पिना एकमेकींशी लागल्या नाहीत ना हे बघायचं. एवढं तर कुठल्याही दुकानदारानं करू द्यायला हवं. जो करू देत नाही त्याच्याकडे मी परत जात नाही.

पण हे झालं फक्त मेला की जिवंत एवढं कळायला. किती जीव उरलाय हे कळायला व्हॉल्व्ह तापवावा लागतो आणि त्याच्यातून करंट न्यावा लागतो. दुकानात कधी एखादा जुना टेस्टर असतो, हिरवा-लाल पट्टा असलेला. काटा हिरव्यात गेला की दुकानदार खूश. असे बरेच टेस्टर नुसता एमिशन दाखवतात, म्हणजे कॅथोड सोडून बाकीचे सगळे इलेक्ट्रोड एकत्र जोडून व्हॉल्व्हला डायोडसारखा चालवतात आणि किती इलेक्ट्रॉन येतात ते मोजतात. ग्रिडचा ताबा किती आहे, हे त्यातून कळत नाही. आणि ऑडिओत सगळं महत्त्व त्या ताब्याला आहे. म्हणूनच ‘अॅव्हो’सारखे कॅरॅक्टरिस्टिक मीटर मोलाचे. ते प्लेटला आणि ग्रिडला ठरवून व्होल्टेज देतात आणि ग्रिड एक व्होल्ट हलली तर प्लेटचा करंट किती मिलिअँप हलतो ते सरळ दाखवतात. पण असा मीटर मुंबईत सहजासहजी हाताला लागत नाही, आणि लागला तर त्याचीच दुरुस्ती हे वेगळं प्रकरण.

म्हणून मी घरी स्वतःचीच मांडणी केली. खास काही नाही, पण डेटाशीटशी प्रामाणिक. ईएल ८४ साठी सांगतो. सिरॅमिकचं नोव्हल सॉकेट, ४-५ वर ६.३ व्होल्ट, ७ नंबरवर प्लेट आणि ९ वर स्क्रीन, म्हणजे दुसरी ग्रिड, दोन्हींना स्थिर २५० व्होल्ट. ३ नंबरच्या कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टन्स, तिथून चासीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला. डेटाशीट म्हणते प्लेटचा करंट ४८ आणि स्क्रीनचा ५.५ मिलिअँप. बेरीज ५३.५. ती १३५ ओहममधून गेली की त्या रेझिस्टन्सवर ७.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मल्टीमीटरची दोन टोकं लावायची, स्विच टाकायचा, आणि बघत बसायचं. पहिली काही सेकंदं शून्य. मग आकडा हळूहळू वर सरकायला लागतो, दोन, चार, साडेपाच. चांगला व्हॉल्व्ह सातच्या आसपास येऊन स्थिर होतो. थकलेला पाच-साडेपाचवरच रेंगाळतो. काही व्हॉल्व्ह सातवर येतात आणि थांबतच नाहीत, सव्वासात, साडेसात, आठ, असे वर चढत राहतात. तो ताकदीचा पुरावा वाटू शकतो, पण बहुतेक वेळा आत उरलेल्या वायूचा पुरावा असतो. त्याची खात्री करायला मी ग्रिडच्या ४७० किलोओहमच्या रेझिस्टन्सला समांतर एक बटण ठेवलंय. बटण दाबलं की ग्रिड थेट चासीला जाते. व्हॉल्व्ह निरोगी असेल तर आकडा हलत नाही. दाबल्यावर आकडा खाली आला, तर ग्रिडमधून नको तो करंट वाहतोय आणि हा व्हॉल्व्ह सर्किटमध्ये पुढंमागं पळून प्लेट लाल करणार. असे नग मी खोक्यावर फुली मारून बाजूला ठेवतो, कितीही मोठं नाव असलं तरी.

ग्रिडला वेगळा उणे व्होल्टेज देऊन दुसरी परीक्षा होते. उणे ७.८ वरून उणे ६.८ वर आणलं की चांगल्या ईएल ८४ चा करंट साधारण ११ मिलिअँपनं वाढतो. सत्तर टक्क्यांच्या खाली गेला तर तो थकला असं धरायची रीत आहे. आणि सगळ्यात बोलकी परीक्षा शेवटची. फिलामेंटचा व्होल्टेज ६.३ वरून ५.७ पर्यंत खाली आणायचा, आणि मिनिटभर थांबायचं. लेप भरपूर उरला असेल तर करंट जेमतेम घसरतो. लेप संपत आला असेल तर बघता बघता कोसळतो. आधीच्या सगळ्या चाचण्यांत हिरव्या पट्ट्यात असलेला व्हॉल्व्ह इथं उघडा पडतो. मी पैसे देऊन घेतलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हला ही परीक्षा देतो, आणि ज्याला कुणाला महागाचा व्हॉल्व्ह घ्यायचा आहे त्यानं विकणाऱ्याकडून हाच आकडा मागावा असं मला मनापासून वाटतं.

इथं एक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २५० व्होल्ट माणसाला मारू शकतात. वीज बंद केल्यावरही फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये ते राहतात. कंडेन्सर रेझिस्टन्सनं उतरवल्याशिवाय, आणि मीटरनं शून्य बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही. एक हात नेहमी मागे. ज्याला याची सवय नाही त्यानं जाणकाराबरोबर बसूनच शिकावं.

या मांडणीवर मी बीईएलचे व्हॉल्व्हही लावले, मुलार्डच्या ओळीत. आणि इथं माझा मुद्दा आहे. बीईएलचा न वापरलेला ईएल ८४ डेटाशीटच्या आकड्याला येऊन थांबतो, फिलामेंट कमी केलं तरी जागचा हलत नाही, ग्रिडचं बटण दाबलं तर स्थिर असतो. काही नगांवर छपाई तिरकी आहे, खोकी साधी आहेत, पण आतली प्लेट सरळ आहे, आतले भाग धरून ठेवणारा मायका नीट बसलेला आहे. मुलार्डचे उत्तम नग त्यांच्याइतकेच येतात, आणि खूप चाललेला मुलार्ड नव्या बीईएलच्या मागे पडतो. ऐकायला बसलं तरी हेच. माझ्याकडे १९५४ साली मुलार्डनंच प्रसिद्ध केलेल्या ‘पाच-दहा’ सर्किटवरचा अँम्प्लिफायर आहे. आत ईएफ ८६, ईसीसी ८३, दोन ईएल ८४ आणि रेक्टिफायर, म्हणजे पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. त्यात बीईएलची मोजून जुळवलेली जोडी लावून भीमसेन जोशींची एलपी ऐकली, तेव्हा तंबोऱ्याच्या जवारीत काही कमी पडलं नाही. पहिल्या टप्प्यातला ईएफ ८६ किंवा ईसीसी ८३ बदलला तर आवाजात फरक कळतो, हे मी मान्य करतो. तिथं सिग्नल इतका बारीक असतो की व्हॉल्व्हची खरखर, पेन्सिलीनं टिचकी मारल्यावर स्पीकरमधून येणारा टणत्कार, सगळं पुढं वाढत जातं. पण तो फरक नगानगातला आहे. एकाच कारखान्याच्या, एकाच आठवड्याच्या दोन नगांतसुद्धा तो सापडतो. म्हणून तिथंही टिचकी मारून, ऐकून निवडायचं. आमच्या बाजारात बीईएलचे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं मातीमोल भावानं गेले, कित्येक तर फुटलेल्या काचेत गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं. इथल्या कामगारांनी, विशेषतः सूक्ष्म हातकामाला बसणाऱ्यांनी, भिंगाखाली बांधलेली ती वस्तू आहे. तिला ‘देसी’ म्हणून बाजूला सारण्याआधी निदान मोजा.

पावसाळ्यात व्हॉल्व्हवर उगाच आळ येतो, तेही सांगायला हवं. जुलैत अनेकांचे सेट करकरायला लागतात, गुणगुणायला लागतात, आणि लोक नवे व्हॉल्व्ह शोधत लॅमिंग्टन रोडला येतात. बऱ्याचदा दोष सॉकेटचा असतो. जुनी तपकिरी फिनॉलिकची सॉकेट्स दमट हवेत पाणी धरतात, आणि अडीचशे व्होल्टच्या पिनेतून ग्रिडच्या पिनेकडे थोडी गळती व्हायला लागते. जिथं आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कंडेन्सर गळत असतो तिथं तर हेच लक्षण आणखी जोरात येतं. सॉकेट साफ करून, वाळवून, शक्य असेल तर सिरॅमिकचं बसवून बघा. कपलिंग कंडेन्सर बदला. मग त्याच व्हॉल्व्हनं सेट गप्प होतो.

आणि आता ज्याच्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. परदेशात व्हॉल्व्हला भाव आला तसा इथं एक धंदा सुरू झाला. जुना चालता सेट घ्यायचा, आतले ईएल ८४, मॅजिक आयचा ईएम ८४, असेल तर ईसीसी ८३, एवढे काढायचे, आणि शिसवी किंवा प्लायची कॅबिनेट, डायल, ट्रान्सफॉर्मर, सगळं भंगारात. सायकलीच्या हँडलला बांधून नेलेल्या अशा रिकाम्या कॅबिनेट मी भेंडी बाजाराच्या बाजूला पाहिल्या आहेत. डायलवर सिलोन, मुंबई, लखनऊ ही नावं अजून वाचता येत होती. दोन व्हॉल्व्हसाठी अख्खा रेडिओ मारणं चूक आहे. त्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आज कुणी तसा गुंडाळत नाही, डायलची काच पुन्हा मिळत नाही, आणि ज्या घरात तो वाजला ते घर त्याला परत मिळत नाही.

तुमच्या घरी, माळ्यावर, गावच्या वाड्यात असा सेट पडला असेल तर घाईनं मेन्सला लावू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले कंडेन्सर सुकलेले असतात, आणि ते आधी जातात, मग त्यांच्यामागून रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर. मेकॅनिक सिरीज बल्ब लावतात तो यासाठीच. ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब मेन्सच्या वाटेत जोडायचा. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. आत यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ची मालिका दिसली तर तो एसी-डीसी सेट आहे, त्याची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. मागचं झाकण उघडं ठेवून, पाय जमिनीला टेकलेले असताना त्याला हात लावणं जिवावर बेतू शकतं. आधी कंडेन्सर, मग रेझिस्टन्स, मग सॉकेट, आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ठीकच निघतात.

ठेवायला जागा नसेल, विकायचाच असेल, तरी अख्खा विका. दुरुस्त करून वाजवणारे लोक मुंबईत, पुण्यात, ठाण्यात आहेत. मागचं झाकण काढून टॉर्च मारणाऱ्या आणि “सिर्फ ये दो ट्यूब दे दो, बाकी रख लो” म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणा.